पंचवीस पुल-अप्स मारणारा पोरगा निंजा कोर्सवर मधेच का पडतो?

तुमचा प्रश्न असा आहे ना, की भाचा १६ वर्षांचा, ह्यूस्टनला असतो, एका दमात पंचवीस पुल-अप्स मारतो, जिममधला प्रत्येक अडथळा त्याला येतो, पण लोकल स्पर्धेत उभा राहिला की कोर्सच्या मध्यावर कुठेतरी पडतोच. आणि टीव्हीवर अमेरिकन निंजा वॉरियर (पाण्यावर लावलेले अडथळे एकामागोमाग पार करायचा शो) बघताना पण तेच दिसतं, दंड बघत राहावेत असे लोक तिसऱ्या-चौथ्या अडथळ्यावर पाण्यात. मग ताकद कमी पडते, नशीब असतं, की टाळता येण्यासारख्या चुका असतात, आणि त्याला अजून कुठला व्यायाम लावावा.

व्यायाम आत्ता काहीही लावू नका. पंचवीस पुल-अप्स पुरे झाले.

मी इथे न्यू जर्सीत एका निंजा जिममध्ये कोच आहे, लहानपणी मुंबईत दोरीचा मल्लखांब केला, इकडे आल्यावर आधी क्लाइंबिंग आणि मग हे. स्वतः टीव्हीवर गेलेले नाही, पण जाणाऱ्या पोरांची तयारी करून घेतली आहे आणि लोकल लीगच्या स्पर्धांना जज म्हणून कोर्सच्या कडेला बरीच उभी असते. तिथून जे दिसतं ते टीव्हीवर दिसत नाही, कारण टीव्हीवर पडलेला माणूस दाखवतात आणि खरी चूक त्याच्या तीन-चार सेकंद आधी होऊन गेलेली असते.

तुमचा खरा प्रश्न ताकदीचा नाहीच. जिममध्ये तो एक अडथळा घेतो, ताज्या हातांनी, दहा वेळा केलेला असतो, पडला तर हसतो आणि परत लटकतो. स्पर्धेत तेच अडथळे एकामागोमाग येतात, एकच संधी असते, आणि टीव्हीवर तर त्या अडथळ्याला आधी हातसुद्धा लावून देत नाहीत, फक्त फिरवून दाखवतात आणि नियम सांगतात. म्हणजे जिममध्ये तो शिकतो अडथळा, आणि परीक्षा असते ती दोन अडथळ्यांच्या मधल्या जागेची. कधी थांबायचं, किती थांबायचं, कुठे बघायचं, कसं उतरायचं. माझ्या अनुभवात तयारीची पोरं हरतात ती जास्त करून इथेच.

आता काही गोष्टी परिस्थितीवर असतात हे आधीच मान्य करते, नाहीतर उगीच प्रत्येक पडण्याला चूक म्हणत बसू. केसी कॅटनझारो आठवते का? अमेरिकन शोमध्ये २०१४ साली डॅलसच्या क्वालिफायरमध्ये, म्हणजे निवड फेरीत, वॉर्प्ड वॉल (धावत जाऊन चढायची बाकदार उंच भिंत) चढणारी पहिली बाई, मग सिटी फायनलचा कोर्स पूर्ण करणारी पण पहिली. उंची पाच फूट. लास वेगासला, म्हणजे शोच्या शेवटच्या फेरीला, गेली तेव्हा पहिल्या टप्प्यात जंपिंग स्पायडरवर पडली, म्हणजे ट्रॅम्पोलिनवरून उडी मारून दोन भिंतींच्या मधे हातपाय ताणून स्वतःला अडकवायचं असतं तो प्रकार. पाच फुटाच्या शरीराला दोन्ही भिंती एकदम दाबायच्या म्हणजे काय ते बघा, तिथे चुकीपेक्षा मापाचा भाग मोठा आहे. दोन वर्षांनी, २०१६ ला, जेसी ग्राफने वेगासचा पहिला टप्पा पूर्ण केला, ती तिच्याहून चांगली उंच आहे आणि व्यवसायाने स्टंटवुमन. तेव्हा भाचा उंच आहे की बुटका, हात लांब आहेत का, यावर पुढचं बरंच काही बदलेल.

आणि सगळे कार्यक्रम सारखे नसतात. आपण पोगोवर जावेद जाफरीच्या कॉमेंट्रीवर ज्याला खिदळायचो तो ताकेशीज कॅसल ८०च्या दशकातला, त्यात पाण्यातले काही दगड पक्के आणि काही नुसते तरंगणारे, कुठला कुठला ते पाय ठेवल्यावर कळायचं, तिथे काय डोंबल तयारी करणार. त्याच टीबीएस वाहिनीने १९९७ ला सासुके सुरू केलं, ज्यावरून पुढे अमेरिकन शो निघाला, आणि त्यात नशीब जवळजवळ काढून टाकलं. शंभर माणसं, चार टप्पे, एकदा पाण्याला लागलात की घरी. २०२० पर्यंत चार जणांनी मिळून सहा वेळा तो पूर्ण केला, आकियामा १९९९, नागानो २००६, उरुशिहारा २०१० आणि २०११, मोरिमोतो २०१५ आणि २०२०. यातला आकियामा खेकडे पकडणारा, नागानो मासेमारी बोटीवरचा, उरुशिहारा बूट विकायचा. शरीर कमावणं हाच धंदा असलेले ऑलिंपिकचे जिम्नॅस्ट येऊन पडून गेले आणि हे लोक वर गेले, ते का याचं माझं उत्तर असं की हे लोक वर्षानुवर्षं तोच कोर्स डोक्यात घेऊन जगत होते.

आता चुकांकडे येते. पहिली अगदी बिनघामाची आहे, नियम नीट न ऐकणं. हसू नका. सासुकेतला कात्सुमी यामादा, तिकडचा दिग्गज, दुसऱ्या टप्प्यात हातमोजे जिथे काढायला हवे होते तिथे काढले नाहीत म्हणून बाद झाला. ताकद होती, वेळ होता, सगळं होतं. आमच्या लोकल स्पर्धांमध्ये तर दर वेळी कोणीतरी बाजूच्या लोखंडी फ्रेमला हात लावतं, किंवा एक टप्पा गाळून पुढचा दांडा पकडतं, किंवा खालच्या मॅटला टाच घासते आणि त्या पोराला कळतसुद्धा नाही, ते आपलं पुढे बझर मारून नाचतं आणि मग आम्हाला जाऊन सांगावं लागतं. रूल्स मीटिंगमध्ये पोरं एकमेकांना ढुसण्या मारत असतात हो. भाच्याला सांगा प्रत्येक अडथळ्याबद्दल तीनच गोष्टी ऐकायच्या, कुठे हात लावायचा नाही, कुठे पाय लागला तर चालतो, आणि अडथळा संपला असं जज कधी धरतो. काही ठिकाणी दोन्ही पाय टेकले की, काही ठिकाणी ताबा दिसला की. शंका असेल तर तिथेच विचारायचं, लाजायचं नाही.

नियमांतच दुसरी गोष्ट येते, ती म्हणजे ही फेरी कशाची आहे. अमेरिकन शोच्या शहरांतल्या क्वालिफायरमध्ये बरीच वर्षं असं होतं की पहिले ३० पुढच्या फेरीत, त्यातले १५ वेगासला, आणि क्रम लागायचा तो कोण सगळ्यात लांब गेलं आणि तिथपर्यंत किती लवकर गेलं यावर. म्हणजे पडूनसुद्धा पुढे जाता येतं! आता समजा दहा जण पाचव्या अडथळ्यावरच पडले, तर त्यातले चौथा अडथळा लवकर संपवलेले पुढे जातात आणि ज्याने दुसऱ्या-तिसऱ्या प्लॅटफॉर्मवर प्रेक्षकांना हात दाखवत, पावडर झाडत वेळ काढला तो घरी जातो. तोही तितकाच लांब गेलेला असतो, पण हरतो, आणि त्याला वाटतं आपण पाचव्या अडथळ्यामुळे हरलो.

वेगासला हेच उलटंपालटं होतं. बरीच वर्षं तिथे पहिल्या दोन टप्प्यांना घड्याळ होतं, तिसऱ्याला नव्हतं, चौथा म्हणजे साधारण ७५ फूट दोर ३० सेकंदांत. पहिल्या टप्प्यात शांतपणे दम खाणारा माणूस वॉर्प्ड वॉलपर्यंत पोचायचा तोवर वेळ संपलेला असायचा, आणि तीच घाईची सवय घेऊन तिसऱ्या टप्प्यात गेलेला माणूस जिथे कोणी मागे लागलेलं नाही तिथे धावायचा आणि हात पेटवून घ्यायचा. तिसऱ्या टप्प्यात जवळजवळ सगळं हातांवर होतं, पाय ठेवायला फारसं काही नव्हतं, तिथे जो श्वास मोजत जायचा तोच टिकायचा. तरी बरं वाटावं म्हणून सांगते, सगळं बरोबर करूनही होतं असं. २०१३ ला ब्रायन आर्नल्ड तिसऱ्या टप्प्याच्या अगदी शेवटच्या अडथळ्यापर्यंत गेला, फ्लाइंग बार (हातातल्या दांड्यासकट एका खाचेतून पुढच्या खाचेत उडी मारायची), आणि तिथे पडला. त्या वर्षी त्याच्याइतकं लांब दुसरं कोणीच पोचलं नव्हतं.

आता ज्यासाठी हे एवढं टायपतेय ते, उतरणं. डिसमाउंट म्हणतात. माझ्या मते टाळता येणारं सगळ्यात जास्त पडणं इथे होतं आणि याची प्रॅक्टिस सगळ्यात कमी होते, कारण जिममध्ये खाली जाड मॅट असते, शेवटचा दांडा पकडला की पोरगं हात सोडून धपकन पडतं, ढुंगणावर पडलं तरी "झालं" म्हणतं. कोच पण म्हणतो व्वा. स्पर्धेत त्या शेवटच्या दांड्यापुढे चार-पाच फूट पाणी आणि मग प्लॅटफॉर्म असतो. मुळात डोक्यात अडथळा संपलेला असतो आणि अंगाखाली अजून संपलेला नसतो. बघा टीव्हीवर, शेवटचं धरल्या धरल्या माणसाचे डोळे पुढच्या अडथळ्याकडे जातात. पायांकडे कोणी बघत नाही, मग टाचा प्लॅटफॉर्मच्या कडेवर पडतात, ढुंगण मागे राहतं, हात हवेत गोल गोल फिरतात आणि पाठीवर पाण्यात.

याच्यात प्रकार आहेत. एक, झोका पुरेसा न घेता सोडणं, कारण हात दुखतायत आणि सुटका हवी आहे. दोन, उशिरा सोडणं, पाय प्लॅटफॉर्मवर टेकलेत पण एक हात अजून दोराला किंवा लटकत्या बॅगला चिकटलेला आहे, ती वस्तू मागे झोका खाते आणि माणसाला सोबत घेऊन जाते. हे फार बघितलंय मी, आणि हे ताकदवान पोरांचंच होतं कारण त्यांची पकड सुटतच नाही! तीन, पाय सरळ ठेवून उतरणं, मग उसळी बसते आणि पुढे तोंडावर, तसं पुढे पडलेलं चालतं खरं म्हणजे, मागे पडण्यापेक्षा पुढे पडा हे मी पोरांना सरळ सांगते. गुडघे वाकवा, छाती पुढे, हात पुढे, गरज पडली तर चक्क चारी पायांवर उतरा, मार्क स्टाइलला नाहीयेत. मल्लखांबात उडी मारून पाय हलला तर मार्क जायचे, आमचे सर परत वर पाठवायचे, त्यामुळे उतरणं हा खेळाचाच भाग आहे हे अंगात बसलेलं. इकडच्या पोरांना ते मुद्दाम शिकवावं लागतं.

मी काय करते ते सांगते, घरच्या घरी पण जमेल. मॅटवर रंगीत टेपने प्लॅटफॉर्मएवढा चौकोन आखते आणि नियम असा की चौकोनात दोन्ही पाय पडून दोन सेकंद स्थिर उभं राहिलं तरच तो अडथळा झाला, नाहीतर पहिल्यापासून. पहिल्या आठवड्यात पोरं माझा राग राग करतात.

आता हातांचं. लॅशे म्हणजे एका दांड्याला लटकून झोका घ्यायचा, हात सोडायचे, हवेतून जाऊन पुढचा दांडा धरायचा, हे भाच्याला माहीतच असेल, तुमच्यासाठी सांगतेय. यात पडतात ते हात कधी सोडायचे यावर. झोका पुढे जाऊन अगदी माथ्यावर थांबल्यासारखा होतो तिथे सोडलं तर पुढे जायचा वेगच उरलेला नसतो, माणूस सरळ खाली. शरीर दांड्याच्या खालीच असताना सोडलं तर पुढे वेग भरपूर पण वर काहीच नाही, पुढच्या दांड्याच्या खालून निघून जातो. बरोबर जागा दोन्हींच्या मधे, पाय वर जात असताना, माथ्याच्या थोडं आधी. जिममध्ये ही वेळ सगळ्यांना जमते. भीती वाटली की मात्र माणूस हमखास उशिरा सोडतो, कारण हात जुना दांडा सोडायला तयार नसतो. हे दंड वाढवून सुटणार नाही. दांड्यांची अंतरं बदलून बदलून, अनोळखी जिममध्ये जाऊन, खाली पाणी नसलं तरी एकच संधी असा नियम करून सुटतं.

आणि झोके मोजा. मी पोरांना आधीच ठरवायला लावते, पहिला झोका अंदाजाला, दुसरा खरा, तिसऱ्याला निघायचं. ठरवलेलं नसलं की काय होतं, माणूस एक झोका घेतो, नको वाटतं, अजून एक, अजून एक, आणि प्रत्येक झोक्याच्या खालच्या टोकाला अंगाचं वजन वाढल्यासारखं हातांवर येतं, त्यामुळे ज्याची वाट बघतोय ती खात्री येतच नाही, उलट पकड जाते. पाचवा झोका घेणारा माणूस टीव्हीवर दिसला की मी घरात जाहीर करते, हा गेला. नवरा वैतागतो पण बहुतेक वेळा जातोच तो.

लटकून आराम होत नाही हे पण नीट समजून घ्यायला हवं. मूठ गच्च आवळली की फोअरआर्ममधल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त नीट फिरत नाही, हात टणक फुगतात आणि बोटं उघडायला लागतात. क्लाइंबर लोक याला पंप म्हणतात. लटकताना कोपर वाकवून ठेवलं तर अजून लवकर होतं, पोरांना वाटतं वाकवलं म्हणजे कंट्रोल, पण हाडांवर लटकायचं असतं, हात सरळ, खांदे मात्र ढिले सोडायचे नाहीत. फक्त उडीनंतर दांडा झेलताना कोपरात थोडा बाक हवा, नाहीतर झटका थेट बोटांवर येतो. आणि खरा आराम प्लॅटफॉर्मवर करायचा, हात खाली सोडून झटकायचे, मोठे श्वास, नजर पुढच्या अडथळ्याच्या पहिल्या पकडीवर. किती वेळ? घड्याळ असेल तर दोन-तीन श्वास. नसेल तर हाताची बोटं सहज उघडमीट होईपर्यंत, त्याहून जास्त उभं राहिलं की अंग गार पडतं आणि डोकं नको ते विचार करायला लागतं.

वरच्या अंगाची एवढी चर्चा झाली पण पहिल्या दोन अडथळ्यांवर पडणारे बहुतेक पायांनी पडतात. तिरप्या ठोकळ्यांवरून इकडून तिकडे उड्या मारत जायच्या पायऱ्या असतात ना, किंवा डुगडुगणारे बॅलन्सचे प्रकार, तिथे तगडी माणसं प्रत्येक पायरीवर ब्रेक मारतात, सांभाळून जाऊ म्हणून, आणि तिरप्या फळीवर थांबलेला पाय घसरणारच. हे वेगावर चालणारे अडथळे आहेत, पाय ठोकळ्यावर वरच्या बाजूला पडला पाहिजे आणि डोळे पुढच्या ठोकळ्यावर. थांबून थांबून जाणं हा प्रकार इथे जास्त धोक्याचा आहे. शेवटच्या पायरीवरून प्लॅटफॉर्मला उडी मारताना पुन्हा तेच, उतरणं.

बूट. तळ मऊ, पातळ, चिकट रबराचा, आणि स्टार्टला उभं राहण्याच्या आधी तळवे कोरड्या फडक्याने पुसायचे, कारण आधीचा पडलेला माणूस पाणी गाळत बाजूने गेलेला असतो आणि अमेरिकन शोचं शूटिंग बरीच वर्षं बऱ्याचदा रात्रीचं, उघड्यावर असायचं, दव पडायचं. नवे कोरे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत हे सांगायला नको, पण सांगते.

सॅमन लॅडरबद्दल थोडंच, कारण भाच्याला ते येत असणार. दांडा दोन्ही बाजूंच्या खाचांवरून वरवर उडवत न्यायचा. चूक एकच होते, एक बाजू नीट बसलेली नसते, दांडा तिरका असतो आणि पोरगं लयीत आहे म्हणून तसंच पुढची उडी मारतं. तिरक्यावरून मारलेली उडी अजून तिरकी जाते. थांबायचं, खालची बाजू झटका देऊन वर बसवायची, मग पुढे. एक सेकंद जातो. आणि उडी कमरेतून यायला हवी, पुल-अपच्या जोरावर वर जाणारी पोरं चौथ्या खाचेला दमतात. तुमच्या भाच्याचं इथे असं होत असेल असा मला दाट संशय आहे, पंचवीस पुल-अप्सवाल्यांचं होतंच.

वॉर्प्ड वॉल, साडेचौदा फूट. जमिनीवर पूर्ण वेगात धावत येतात आणि बाक सुरू झाला की कचरतात, बारकी पावलं टाकतात, तिथेच वेग संपतो. आणि पुढे झुकतात, भिंतीला मिठी मारायला गेल्यासारखे, मग पायांचा दाब भिंतीत जात नाही, घसरतात. अंग सरळ ठेवायचं, पावलं ठरलेली, नजर वरच्या कडेवर, हात शेवटीच वर. तीन प्रयत्न मिळत असतील आणि घड्याळाचं दडपण नसेल तर पहिला फसल्यावर लगेच पळू नका, पाय मोकळे होऊ द्या. रागाच्या भरात मारलेला दुसरा प्रयत्न पहिल्यापेक्षा खाली संपतो, हे मी दर स्पर्धेत बघते. २०१८ ला शेजारी १८ फुटांची मेगा वॉल आणली, तेव्हा चढलात तर १० हजार डॉलर मिळायचे. पैसा वाईट नाही, पण भाच्याला पुढच्या फेरीत जायचंय की चेक घ्यायचाय हे त्याने घरून ठरवून यावं, भिंतीसमोर उभं राहून नाही.

वाट बघणं हा वेगळाच अडथळा आहे आणि तो कुठल्याही जिममध्ये नाही. तुमचा नंबर कधी येईल ते नक्की नसतं. सहा वाजता वॉर्म-अप केला, नंबर आला अकराला, मधे थंडीत बसून चिप्स खाल्ले. हात गार, पोट जड. थोडं थोडं अंग सारखं गरम ठेवायचं, जॅकेट अगदी शेवटपर्यंत काढायचं नाही, आणि आपल्या आधी पाच-सहा जण राहिले की बोटांपासून खांद्यापर्यंत परत वॉर्म-अप. तळहाताचे घट्टे दोन दिवस आधी घासून सपाट करायचे, नाहीतर दांड्यावर कातडं सोललं जातं आणि मग काही खरं नाही. चॉक, म्हणजे हाताला लावायची पावडर, पण माफक, जाड थर बसला की तोच घसरतो. (आम्ही मल्लखांबाच्या खांबाला एरंडेल लावलेलं बघत वाढलेले, त्यामुळे पहिल्यांदा इथे जो तो पांढरे हात करून फिरतोय बघून गंमत वाटली होती.)

त्या वाट बघण्यात अजून एक होतं, दुसऱ्यांचे रन बघून प्लॅन बदलणं. सहा फुटाच्या माणसाने एका झोक्यात पार केलं म्हणून पाच फूट चार इंचवाला पोरगा पण एका झोक्यात जायला बघतो. बघा ना, जरूर बघा, पण बघायचं काय तर दांडा हातात फिरतो का, बॅग किती मागे जाते, प्लॅटफॉर्म निसरडा आहे का, कुठल्या जागी चार जण पडले. कसं केलं ते आपल्या मापाच्या माणसाचंच बघायचं.

तुमच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल, दोर. मल्लखांब केलेल्या मुलांना फायदा होईल का असं विचारलंय. पकड, उलटं असताना डोकं शांत राहणं, उंचीची भीती नसणं, हे सगळं मिळतं. पण दोरीवर आमची अढी, म्हणजे पायांची पकड, पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात आणि मांड्यांत असते, अनवाणी, आणि तिथे टिकायचं असतं. इथे बूट घालून, जाड दोर, ३० सेकंद. म्हणून मल्लखांबवाला पहिल्यांदा वर जातो तो सुंदर जातो आणि हळू जातो. चार-सहा महिने वेगळा सराव लागतो.

आणि दोराचा विषय निघाला म्हणून, सगळ्याच हरण्याला चूक म्हणू नका हे परत सांगते. २०१५ ला जेफ ब्रिटन आधी चढला, २९.६५ सेकंद, अमेरिकन शोचे चारही टप्पे पूर्ण करणारा पहिला माणूस. मागून आयझॅक कॅल्डिएरो चढला २६.१४ मध्ये. तेव्हा नियम असा होता की दोघे पोचले तर जो लवकर त्याला सगळे दहा लाख डॉलर. ब्रिटनला त्यातला एक डॉलर नाही. त्याची चूक काय सांगाल? मी तो रन खूपदा बघितलाय, मला दाखवण्यासारखं काही सापडलेलं नाही, दुसरा माणूस जास्त वेगाने चढला एवढंच. उलट सासुकेचा नागानो जिंकण्याच्या आधी एकदा वर पोचून सेकंदाच्या अंशाने हरलाय, आणि तो परत आला.

तर भाच्याचं. वयाची अडचण नाही, अमेरिकन शोने २०२१ पासून १५ वर्षांच्या मुलांना घेतलंय. आणि टीव्ही नाही जमलं तरी २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या एकत्र स्पर्धेतली घोडेस्वारी जाऊन तिथे याच जातीची अडथळा शर्यत येतेय, म्हणजे हे शिकलेलं नुसत्या तमाशापुरतं राहिलेलं नाही. पुढचे दोन महिने त्याने नवीन काही शिकू नये असं मला वाटतं. आठवड्यातून दोनदा, सगळे सुटे अडथळे सलग लावून, एकच रन. पडला की त्या दिवशी तो कोर्स बंद, परत नाही. जिममधली इतर पोरं बघत असताना. त्याच्या कोचला अडथळ्यांचा क्रम ऐन वेळी बदलायला सांगा, आणि रन सुरू करण्याआधी त्याला वीस मिनिटं नुसतं बसवून ठेवा, कंटाळू द्या. प्रत्येक रननंतर वहीत लिहायचं, कुठे पडलो, त्याच्या आधी कुठे थांबलो होतो, किती झोके घेतले. पुल-अप्स आठवड्यातून एकदा, आहेत तेवढे टिकवण्यापुरते.

तुम्ही लिहिलंय "मधेच पडतो", पण मधे म्हणजे कशावर? दर वेळी वेगळ्या अडथळ्यावर पडत असेल तर बहुतेक पंप आणि थांबण्याच्या जागा, दर वेळी त्याच जातीच्या अडथळ्यावर पडत असेल तर तंत्र, आणि अडथळा पूर्ण करून पडत असेल तर उतरणं. त्याची उंची, हातांची लांबी आणि शेवटच्या दोन-तीन स्पर्धांचे व्हिडिओ असतील तर टाका. समोरून काढलेले नकोत, बाजूने काढलेले हवेत आणि पडल्यावर लगेच बंद केलेले नकोत, आधीच्या प्लॅटफॉर्मवर तो उभा होता तिथपासूनचे हवेत.